‘सावधान’ आणि त्यानंतर : मराठी विनोदातील विवाहभयाचा रचनाबंध

१

सह्याद्रीच्या पायथ्याचे महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके मराठी वाचकाला प्रामुख्याने इतिहासामुळे परिचित असतात. रायगड महाड तालुक्यात आहे. तानाजी मालुसरे यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यात आहे. वरंध घाटाच्या पायथ्याशी शिवथरची घळ आहे. रामदासांनी ‘दासबोधा’ची रचना येथे केली आणि ती कल्याणस्वामींनी लिहून घेतली, असे समर्थसंप्रदायाची परंपरा मानते. खुद्द महाड शहरात १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह आणि मनुस्मृतीचे दहन या दोन घटना घडल्या. या स्थळांपैकी तीन स्थळे विवाह या एकाच संस्थेशी तीन निरनिराळ्या रीतींनी जोडलेली आहेत. मराठी विनोदाने विवाहभयाचे काय केले, हा प्रश्न विचारताना ही तीन स्थळे क्रमाने लक्षात घेणे उपयुक्त ठरते.

शिवथरच्या घळीशी ज्यांचे नाव जोडले गेले आहे त्या रामदासांची बोहल्यावरून पळून जाण्याची कथा मराठी घरांत लहानपणीच ऐकली जाते. बारा वर्षांचा नारायण लग्नास तयार नाही. अंतरपाट धरेपर्यंत नाही म्हणणार नाही, असे वचन आई त्याच्याकडून घेते. तो वचन अक्षरशः पाळतो. अंतरपाट धरला जाईपर्यंत उभा राहतो आणि ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच मंडपातून निघून जातो. या कथेची ऐतिहासिकता येथे प्रस्तुत नाही. तिची घडण प्रस्तुत आहे. कथेचा सारा डोलारा एका श्लेषावर उभा आहे. मुहूर्ताकडे लक्ष वेधण्यासाठी उच्चारलेला शब्द नवरदेव धोक्याची सूचना म्हणून ऐकतो. वचनाचे शब्द पाळून वचनाचा हेतू उधळून लावणे ही तर विनोदी वाङ्मयातील जुनी युक्ती. म्हणजे मराठीतील विवाहनकाराची सर्वांत गंभीर कथाच मुळात विनोदाच्या साधनांनी रचलेली आहे.

उमरठची कथा नकाराची नाही, लांबणीवर टाकण्याची आहे. मुलाच्या लग्नाचे आमंत्रण घेऊन गेलेला तानाजी कोंढाण्याचे लग्न आधी लावण्याचे ठरवतो. १६७० सालच्या या प्रसंगावर तुळशीदास शाहिराचा पोवाडा आहे, हरि नारायण आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी आहे, आणि ‘आधी हे, मग ते’ असा त्यातून निघालेला वाक्प्रयोग आजही रोजच्या बोलण्यात आहे. एका कथेत लग्न मुक्तीसाठी सोडले जाते, दुसऱ्या कथेत ते कर्तव्यासाठी थांबवले जाते. दोन्ही ठिकाणी मंडपाबाहेर पडणाऱ्या पुरुषाला समाज दोष देत नाही, कारण बाहेर त्याची वाट पाहणारे काहीतरी मोठे आहे.

विनोदी लेखकाचा प्रश्न नेमका येथून सुरू होतो. पळणाऱ्याच्या पुढे काहीच मोठे नसेल तर? मुक्ती नाही, गड नाही, केवळ लग्नाची भीती आहे, अशा माणसाचे काय? मराठी विनोदाने या माणसाला कोणते रूप दिले, त्याला कादंबरीइतका अवकाश का मिळाला नाही, आणि या साऱ्या हास्यात अंतरपाटाच्या पलीकडे उभ्या असलेल्या मुलीचे स्थान कोणते, हे प्रस्तुत लेखाचे विवेच्य आहे.

२

सुखात्मिकेचा शेवट विवाहाने होतो, हा पाश्चात्त्य साहित्यविचारातील दृढ संकेत आहे. नॉर्थ्रॉप फ्राय यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅनाटमी ऑफ क्रिटिसिझम’ या ग्रंथात या संकेताची मीमांसा केली. अडथळे दूर होतात, तरुण जोडपे एकत्र येते आणि त्यांच्याभोवती एक नवा समाज आकार घेतो. विवाहाची मेजवानी ही त्या समाजाची खूण असते. ही मीमांसा मान्य केली तर विवाहभयाची विनोदी कादंबरी ही एक विलक्षण गोष्ट ठरते. तिचा नायक ज्याला भितो तो तिच्याच वाङ्मयप्रकाराचा शेवट असतो. नायकाने भीती जिंकली तर कादंबरी संपते. भीतीने नायकाला जिंकले तर ती सुखात्मिका राहत नाही. या दोन टोकांमध्ये जितका काळ ताणता येईल तितकीच या प्रकारच्या कादंबरीची लांबी.

हा काळ किती ताणता येतो याचे अभिजात उदाहरण फ्रान्सवा राब्ले यांच्या १५४६ सालच्या ‘तिसऱ्या पुस्तका’त आढळते. पानुर्ज याला लग्न करावयाचे आहे आणि बायको आपल्याला फसवील या भीतीने करावयाचे नाही. तो व्हर्जिलच्या काव्यातून कौल काढतो, जोगतिणीकडे जातो, मुक्याला विचारतो, मरणासन्न कवीला विचारतो. मग धर्मशास्त्री, वैद्य, तत्त्वज्ञ आणि अखेरीस वेडगळ विदूषक यांचा सल्ला घेतो. प्रत्येक उत्तर तो आपल्या बाजूने लावतो आणि प्रत्येक वेळी पुन्हा घाबरतो. पुस्तक संपते तरी निर्णय होत नाही. तो पुढील सागरप्रवासावर ढकलला जातो. येथे विनोदाचा आधार एखादा प्रसंग नाही, अनिर्णयाचा दीर्घ काळ हा आहे.

याच्या उलट टोकाला निकोलाय गोगोल यांचे १८४२ सालचे ‘लग्न’ हे नाटक ठेवता येते. पोदकल्योसिन हा आळशी अधिकारी मित्राच्या रेट्याने लग्नाला उभा राहतो, क्षणभर आनंदितही होतो, आणि अगदी शेवटी खिडकीतून उडी मारून भाडोत्री गाडीने घरी निघून जातो. रामदासांची कथा ज्याने ऐकली आहे त्याला या उडीची घडण तत्काळ ओळखू येईल. मात्र पोदकल्योसिनला नाशिकजवळच्या टाकळीला जाऊन तप करावयाचे नाही. त्याला फक्त आपल्या कोचावर परत जावयाचे आहे, आणि तेथेच तो हास्यास्पद होतो.

विवाहभयाच्या विनोदाचे असे दोन रचनाबंध संभवतात : एक क्षणाचा, दुसरा काळाचा. क्षणाचा बंध नाटकाला, चुटक्याला, विनोदी लेखाला मानवतो. काळाचा बंध कादंबरीला लागतो. मराठी परंपरेने प्रदीर्घ काळ पहिला बंध का जोपासला, याचे उत्तर लेखकांच्या प्रतिभेत शोधण्याऐवजी विवाहसंस्थेच्या घडणीत शोधावे लागते. पानुर्ज तऱ्हेतऱ्हेच्या लोकांना विचारतो, परंतु निर्णय त्याचा स्वतःचा असतो. मराठी नवरदेवाच्या बाबतीत पत्रिका पाहणे, घराणे पाहणे, देण्याघेण्याची बोलणी करणे ही सारी कामे वडीलधारी माणसे करीत. विचारणारे ते, ठरवणारेही तेच. ज्याला निर्णयच करावयाचा नाही त्याच्या अनिर्णयाला लांबी कोठून येणार? त्याच्या वाट्याला स्वातंत्र्याचा एकच क्षण येतो, आणि तो म्हणजे अंतरपाट दूर होण्यापूर्वीचा क्षण.

३

‘दासबोधा’चा तिसरा दशक मात्र या विधानाला एक महत्त्वाचा अपवाद पुरवतो. ‘स्वगुणपरीक्षा’ या नावाखाली येणाऱ्या त्यातील समासांत एका नाव नसलेल्या संसारी पुरुषाचे चरित्र जन्मापासून रेखाटले आहे. त्याचे लग्न होते. तो पत्नीत इतका गुंततो की आईबाप परके होतात. ती मरते, तो शोक करतो. दुसरे लग्न होते आणि शोक विसरला जातो. मूल होत नाही म्हणून नवससायास होतात. मग मुले इतकी होतात की घरातील लक्ष्मी निघून जाते. त्यांना पोसण्यासाठी परदेशी जावे लागते, आणि ज्यांच्यासाठी एवढा आटापिटा केला त्यांनाच म्हातारपणी तो नकोसा होतो.

या समासांचा हेतू वैराग्यबोध हा आहे, यात शंका नाही. दशकाचा शेवटही वैराग्यनिरूपणाने होतो. तथापि हेतू आणि निवेदनरीती यांत येथे जो ताण आहे तो वाङ्मयदृष्ट्या अधिक उल्लेखनीय आहे. केवळ वैराग्य शिकवावयाचे असते तर संसार दुःखमय आहे एवढे विधान पुरे झाले असते. रामदास मात्र तपशील देतात. माणसाच्या विस्मरणशक्तीवर, एका संकटातून सुटताना दुसरे ओढवून घेण्याच्या त्याच्या हौसेवर ते रेंगाळतात. त्यांची गतीही विनोदी चरित्राची आहे : इच्छा, पूर्ती, पूर्तीतून आपत्ती, आणि आपत्तीतून नवी इच्छा. संसाराची भीती घालण्यासाठी रचलेला हा भाग वाचताना वाचक भितो त्यापेक्षा अधिक स्वतःला ओळखतो, आणि या ओळखीतूनच हसू फुटते. मराठीतील विवाहभयाच्या विनोदी कादंबरीचा पहिला आराखडा म्हणून या समासांकडे पाहता येईल. क्षणाच्या बंधातून निसटलेल्या पुरुषाच्या नावावर काळाच्या बंधाचा हा आराखडा जमा असावा, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

त्याहून अर्थपूर्ण गोष्ट पुढे आहे. बाराव्या दशकाच्या आरंभी हेच रामदास आधी प्रपंच नीट करावा, मग परमार्थाकडे वळावे, असे सांगतात. लग्नातून पळालेला माणूस इतरांना पळू नका असे सांगतो. या दोन दशकांत विसंगती पाहण्याचे कारण नाही. मात्र त्यांतून एक भेद स्पष्ट होतो. पळण्याचा अधिकार अपवादात्मक पुरुषाला आहे, सामान्याला नाही. सामान्य माणसाने अपवादाची नक्कल केली की विनोद जन्माला येतो. विसाव्या शतकातील मराठी विनोदकारांनी या नकलेचाच पुरेपूर उपयोग केला.

४

राम गणेश गडकरी यांच्या ‘बाळकरामा’ने लग्नाला मोहीम म्हटले. ‘लग्नाच्या मोहिमेची पूर्वतयारी’ हे शीर्षकच पोवाड्यातील रणभूमी मध्यमवर्गीय दिवाणखान्यात आणते. उमरठच्या कथेत लग्न बाजूला ठेवून मोहीम हाती घेतली जाते. येथे लग्न हीच मोहीम. विडंबनाची ही जात अस्सल आहे. परंतु या लेखांतील भीती वराची नाही, वधूपक्षाची आहे. ठकीचे लग्न जमणार नाही हे भय तिंबूनानांचे आहे, आणि त्या भयाचे हास्यात रूपांतर करण्यासाठी ठकीच्या रूपावर विनोदाचा मारा केला जातो. गडकऱ्यांच्या भाषेची उधळण दिपवणारी आहे; म्हणूनच या हास्याखाली कोणाला उभे केले आहे याचा वाचकाला सहज विसर पडतो. लग्नाचा बाजार हास्यास्पद आहे, असे लेख सुचवतात. परंतु हसताना बोट बाजाराकडे न जाता बाजारात मांडलेल्या मुलीकडे जाते.

चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाचे भय अधिक सौम्य आणि अधिक व्यापक आहे. चिमणराव वरिष्ठांना भितो, पाहुण्यांना भितो, गुंड्याभाऊच्या धाडसांना भितो. लग्न ही त्याच्या भीतीची एक वेगळी जागा राहतच नाही. काऊ, मोरू, मैना, राघू यांच्यासह संसार हा त्याच्या सर्व भीतींचा नित्याचा मुक्काम बनतो. पळून जाण्याची कल्पनाही ज्याला झेपणार नाही अशा माणसाचा हा विनोद आहे, आणि तो आत्मनिवेदनातून येत असल्याने त्यात कोणाची अवहेलना नाही. ‘दासबोधा’तील संसारी पुरुषाला स्वतःच्या तोंडाने बोलू दिले असते तर तो कदाचित चिमणरावासारखा बोलला असता. तरीही चिमणरावाचे लेखन ही प्रसंगांची माळ आहे. तेथे भीती प्रत्येक प्रकरणात नव्याने सुरू होते आणि प्रकरणाबरोबर संपते.

पळण्याचा क्षण पुन्हा मध्यभागी आणला तो आचार्य अत्रे यांनी. त्यांच्या ‘लग्नाची बेडी’ (१९३६) या नाटकाचे शीर्षकच भयाची कबुली देते, पण तेथील पुरुष बेडीत अडकून चुकलेले आहेत. अत्र्यांच्या कथेवर मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘ब्रह्मचारी’ (१९३८) या चित्रपटात मात्र औदुंबर ब्रह्मचर्यावरील व्याख्यान ऐकून आजन्म अविवाहित राहण्याची प्रतिज्ञा करतो आणि किशोरी त्याच्या आयुष्यात येताच प्रतिज्ञा डळमळते. येथे समर्थकथेचे उलटे रूप दिसते. रामदास मंडपातून ब्रह्मचर्याकडे गेले. औदुंबर ब्रह्मचर्याकडून मंडपाकडे येतो. अत्र्यांनी रामदासांची टवाळी केलेली नाही. त्यांनी टवाळी केली ती उसन्या रामदासीपणाची. व्याख्यानाने आलेले वैराग्य आणि अनुभवाने आलेले वैराग्य यांतील अंतर त्यांनी हास्याने मोजले. मात्र शेवट सुखात्मिकेच्या संकेताप्रमाणेच होतो : भीती हा केवळ अडथळा होता, तो दूर झाला.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘तुझे आहे तुजपाशी’ (१९५७) या नाटकाने या सूत्राला एक पाऊल पुढे नेले. इंदूरच्या काकाजी देवासकरांच्या घरी आलेले आचार्य हे व्रतस्थ आहेत, आणि त्यांच्या व्रताची सावली घरातील तरुणांच्या प्रेमावर पडते. नाटकाच्या अखेरीस आचार्यांच्या आयुष्यातील रितेपण उघड होते. औदुंबराची प्रतिज्ञा वेळीच मोडल्यामुळे तो सुटला; आचार्यांची मोडली नाही. विवाहभयाला काळ लाभला तर त्याचे काय होते, याची जाणीव येथे विनोदी नाटकात प्रथमच ठळकपणे शिरते. पण तो काळ रंगमंचावर येत नाही. पडदा उघडण्यापूर्वीच तो निघून गेलेला आहे. नाटकाला त्याचा केवळ हिशेब दाखवता येतो.

५

मधल्या काळात विवाहसंस्थेची बाह्य चौकट बदलत होती. बालविवाहास प्रतिबंध करणारा १९२९ चा शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. त्याने मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १८ ही वयोमर्यादा ठरवली. १९७८ च्या दुरुस्तीने ती १८ आणि २१ झाली. कायद्यापेक्षाही शिक्षण, नोकरी आणि शहरातील भाड्याची खोली यांनी अधिक मोठा बदल घडवला. लग्नायोग्य वय आणि प्रत्यक्ष लग्न यांच्यामध्ये काही वर्षांचा एक मोकळा पट्टा निर्माण झाला. पगार आहे, घरापासून दूर आहे, घरचे लग्नाविषयी विचारतात, पण तिथल्या तिथे निर्णय लादू शकत नाहीत, असा एक पुरुषवर्ग अस्तित्वात आला. कादंबरीला हवा असलेला अनिर्णयाचा काळ मराठी समाजात आता उपलब्ध झाला.

भालचंद्र नेमाडे यांच्या चांगदेव चतुष्टयात हा काळ कादंबरीचा विषय झाला. ‘बिढार’ (१९७५) पासून ‘झूल’ (१९७९) पर्यंत इंग्रजीचा प्राध्यापक चांगदेव पाटील गावे आणि महाविद्यालये बदलत राहतो. या कादंबऱ्या रूढ अर्थाने विनोदी नाहीत आणि त्यांचा विषय केवळ विवाह हाही नाही. शिक्षणव्यवस्था, जात, वाङ्मयीन व्यवहार यांचे विस्तृत चित्र त्यांत आहे. तथापि ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकराच्या निवेदनातून मराठी गद्यात आलेला तिरकस, स्वतःवरही उलटणारा उपहास येथे पसरट समाजचित्रणासाठी वापरला गेला आहे, आणि एकट्या पुरुषाचे लांबत गेलेले अविवाहितपण हे त्या चित्रणाचे एक प्रमुख सूत्र आहे. ‘बिढार’ हा शब्द संसाराच्या चंबूगबाळ्याचा; येथे तो संसार नसलेल्या माणसाच्या मुक्कामाला लावलेला आहे. ‘झूल’ ही बैलाच्या पाठीवरची शोभा. मिरवणाऱ्या प्रतिष्ठेखाली जनावर तेच राहते, हे शीर्षक सुचवते. नवरदेवाच्या सजावटीलाही ती प्रतिमा चपखल बसते.

पानुर्ज आणि चांगदेव यांच्यातील भेद मूलगामी आहे. पानुर्जला भीती आहे ती फसवले जाण्याची. म्हणून तो शब्दांचे डोंगर रचतो. चांगदेवची भीती ज्या समाजव्यवस्थेचा लग्नाने सभासद व्हावे लागते त्या व्यवस्थेविषयीची आहे. जात, पोटजात, देणेघेणे, नातेवाईक, प्रतिष्ठा हे सारे लग्नाच्या दारातून आत येते. म्हणून त्याचा अनिर्णय बडबडा न होता कोरडा होतो. राब्लेच्या मोठ्याने फुटणाऱ्या हास्याऐवजी येथे ओठांच्या कोपऱ्यात थांबलेले हसू आहे. क्षणाच्या बंधातील नायक मंडपातून पळतो; काळाच्या बंधातील नायक मंडपापर्यंत जातच नाही. हा फरक केवळ तंत्राचा नाही. पळणाऱ्याला निदान लग्न ही खरी गोष्ट वाटत असते.

६

आतापर्यंतच्या साऱ्या चर्चेत एक व्यक्ती बोललेली नाही. नारायण मंडपातून गेला तेव्हा अंतरपाटाच्या पलीकडे एक मुलगी उभी होती. कथा सांगणाऱ्याच्या तोंडी तिचे नाव क्वचितच येते आणि तिचे पुढे काय झाले हे विचारण्याची गरज श्रोत्याला वाटत नाही. गोगोलच्या नाटकात निदान वधूचा वेश केलेली अगाफ्या तिखोनोव्ना रंगमंचावर परत येते आणि खिडकी उघडी असल्याचे प्रेक्षकासमक्ष तिला कळते. मराठी दंतकथेने अंतरपाट पलीकडच्या बाजूने कधीच दूर केला नाही.

महाडचा तिसरा संदर्भ येथे निर्णायक ठरतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालील परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. त्या ग्रंथातील व्यवस्थेनुसार विवाह हाच स्त्रीच्या बाबतीत उपनयनाच्या ठिकाणी आहे. पुरुषाला उपनयनानंतर ब्रह्मचर्याचा, आणि पुढे संन्यासाचाही मार्ग खुला आहे. स्त्रीचा संस्कारच विवाह असल्याने त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे तिला उभे राहण्यास जागा नाही. पुरुष बोहल्यावरून पळाला तर एका आश्रमातून दुसऱ्या आश्रमात जातो. स्त्री पळाली तर ती कोठेच जात नाही. विवाहभयाच्या विनोदात नायक नेहमी पुरुषच का, याचे उत्तर स्वभावभेदात नाही, या रचनेत आहे. ज्याच्यासमोर दार आहे त्याच्याच पळण्याला हसता येते.

आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात याची समाजशास्त्रीय मांडणी केली होती. जातीअंतर्गत विवाहाचे बंधन टिकवावयाचे तर जोडीदार मेल्यावर ‘अतिरिक्त’ उरणारी स्त्री आणि ‘अतिरिक्त’ उरणारा पुरुष यांची व्यवस्था लावावी लागते. स्त्रीसाठी सती किंवा सक्तीचे वैधव्य. पुरुषावर मात्र सक्तीचे ब्रह्मचर्य लादणे समूहाला परवडत नाही, म्हणून त्याच्यासाठी विवाहयोग्य न झालेल्या वयोगटातून मुलगी आणली जाते. ‘दासबोधा’तील संसारी पुरुषाचे दुसरे लग्न या प्रकाशात पुन्हा वाचावे. तो शोक कसा विसरला एवढेच रामदास सांगतात. ती दुसरी पत्नी कोठून आली, तिचे वय काय होते, आणि शोक विसरलेल्या या माणसाला पाहून ती किती भ्याली, हे त्या निवेदनाच्या कक्षेत येत नाही. विनोदाची तीक्ष्णता आणि त्याचे आंधळेपण येथे एकाच ठिकाणी भेटतात.

याचा अर्थ स्त्रियांच्या परंपरेत विवाहभयाचा विनोद नव्हता असा नव्हे. तो होता, पण तो पळण्याचा नव्हता, थांबवून ठेवले जाण्याचा होता. घाटावरच्या भोंडल्याच्या गाण्यांत सून माहेरी जाण्याची परवानगी मागते आणि सासू एकामागून एक अट पुढे करते. एक अट पुरी झाली की दुसरी उभी राहते. मुली फेर धरून हे हसत गातात. लांबणीवर टाकण्याचा हा बंध मूलतः काळाचा आहे. मराठी कादंबरीला जो अनिर्णयाचा काळ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गवसला, त्याचे रूप मुलींच्या खेळातील गाण्यांत आधीच तयार होते. केवळ तेथे निर्णय लांबवणारा हात दुसऱ्याचा होता. कोकणच्या ज्या गावांतून पुरुष चाकरीसाठी मुंबईला जात आणि बायका भातशेती व घर सांभाळत मागे राहत, त्या महाड-पोलादपूरच्या पट्ट्यातही वाट पाहणे हा स्त्रीच्या संसाराचा मोठा भाग होता. तेथे पतीचे पळणे नोकरीच्या नावाने होई आणि परतण्याची तारीख सणावर अवलंबून असे.

लिखित साहित्यात स्त्रीचे भय प्रथम गंभीर रूपात आले. हरिभाऊंच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ मधील यमूचे आत्मनिवेदन, आणि १९३३ साली विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’मधील शिकलेल्या अविवाहित मुलींच्या कथा यांत हसण्यास वाव नव्हता. पुरुषाचे अविवाहितपण औदुंबराच्या रूपाने ज्या दशकात प्रेक्षकांना हसवत होते, त्याच दशकात स्त्रीचे अविवाहितपण समाजाला अस्वस्थ करीत होते आणि त्या कथांवर वादळ उठत होते. एकाच अवस्थेकडे पाहण्याची ही दोन मापे मराठी विनोदाच्या इतिहासात नोंदवली गेली पाहिजेत.

या विषयात स्त्रीच्या बाजूने उपहासाचा सूर स्थिर झाला तो बऱ्याच उशिरा. गौरी देशपांडे यांच्या ‘एकेक पान गळावया’ (१९८०) या पुस्तकातील ‘मध्य लटपटीत’ या दीर्घकथेचे नावच स्वतःच्या अवस्थेकडे हसून पाहण्याची तयारी दर्शवते. त्यांच्या नायिकांजवळ शिक्षण आहे, पैसा आहे, जाण्यासाठी देश आहेत. थोडक्यात, त्यांच्यासमोर दार आहे. म्हणूनच बांधिलकीविषयीची त्यांची साशंकता विलापाचे रूप न घेता चतुर, कधी स्वतःलाच टोचणाऱ्या भाषेचे रूप घेते. या सुराला वर्गाच्या मर्यादा आहेत, हा आक्षेप रास्त आहे. पण तो आक्षेप वरील निष्कर्षाला बळकटीच देतो : विवाहभयाला विनोद होण्यासाठी आधी सुटकेची शक्यता लागते, आणि ती शक्यता समाजात समान वाटली गेलेली नाही.

७

एकूण विचार करता, विवाहभयाचा मराठी विनोद हा दीर्घकाळ ‘सावधान’ या शब्दाभोवती फिरत राहिला. समर्थकथेने त्याला क्षणाचा बंध दिला, गडकरी, अत्रे यांनी त्या बंधाचे विडंबन केले, चिमणरावाने त्याला घरगुती केले, पु. लं.नी त्याची किंमत सुचवली. नेमाड्यांनी त्याला काळ दिला, तेव्हा हास्य कोरडे झाले. या वाटचालीचे मूल्यमापन करताना विनोदाची गुणवत्ता केवळ भाषाविलासावर किंवा व्यक्तिचित्रणाच्या ठसठशीतपणावर ठरवणे अपुरे आहे. हसणाऱ्याच्या नजरेत मंडपातील किती माणसे येतात, हाही एक वाङ्मयीन निकष मानावयास हवा, कारण दृष्टीचा परीघ ही कादंबरीच्या रचनेतीलच बाब आहे. या निकषावर ठकीला हसणारे लेख चिमणरावाच्या आत्मनिवेदनापेक्षा खालच्या पायरीवर येतात. त्यांची भाषा अधिक तेजस्वी असूनही.

शिवथरच्या घळीत एका पळून आलेल्या पुरुषाने संसारी माणसाचे चरित्र सांगितले, असे परंपरा मानते. त्याच तालुक्याच्या मुख्य गावात पुढे स्त्रीला दार नाकारणारा ग्रंथ जाळला गेला. या दोन घटनांमधील अंतर मराठी विनोदी कादंबरीने अद्याप पुरते ओलांडलेले नाही. बोहल्यावर एकट्या राहिलेल्या मुलीने तो प्रसंग स्वतःच्या शब्दांत, आणि हसत, सांगावा, अशी कादंबरी लिहिली गेली तर तिच्या पहिल्या वाक्यासाठी लागणारा शब्द परंपरेने केव्हाच उच्चारून ठेवला आहे. तो तिच्याही कानी पडला होता.